वाचकांचे प्रश्न : खोकल्यातला थेंब, खोलीतली हवा आणि कंप्युटरचं गणित

मागच्या अंकात सीएफडीवर, म्हणजे हवेचा किंवा पाण्याचा प्रवाह कंप्युटरवर गणितानं काढायच्या पद्धतीवर, जेमतेम अर्धं पान दिलं होतं आणि त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत.

प्रश्न : ताई, शिंकल्यावर तोंडातून लाल-पिवळा ढग निघतो आणि खोलीभर पसरतो असे व्हिडिओ खूप बघितले. ते कॅमेऱ्यानं काढलेले असतात की कंप्युटरवर बनवलेले? आणि बनवलेले असतील तर त्यावर विश्वास का ठेवायचा?

दोन्ही प्रकारचे असतात. एमआयटीतल्या लिडिया बुरुइबा यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्यानं खऱ्या माणसांच्या खऱ्या शिंका टिपल्यात, त्यात थेंब सुटे सुटे उडत नाहीत तर दमट गरम हवेच्या एका ढगात गुरफटून जातात आणि तो ढग ७-८ मीटरपर्यंत जाऊ शकतो असं त्यांनी २०२० मध्ये लिहिलं. पण तुम्ही म्हणताय ते रंगीत ढग बहुतेक वेळा कंप्युटरचे. त्याच वर्षी जपानच्या रिकेन संस्थेनं फुगाकू या सुपरकंप्युटरवर लोकलचा डबा, वर्ग, ऑफिस, मास्क घातलेला माणूस असं बरंच काही करून दाखवलं होतं, मकोतो त्सुबोकुरा यांच्या टीमनं, ते व्हिडिओ जगभर फिरले.

आता हे होतं कसं, तर खोलीतल्या हवेचे लाखो बारीक तुकडे पाडायचे, त्यांना सेल म्हणतात, आणि प्रत्येक सेलमध्ये हवेचा वेग किती, दाब किती, तापमान किती, ओलावा किती हे आकडे ठेवायचे. शेजारच्या सेलशी देवाणघेवाण कशी होणार हे नाविए-स्टोक्स समीकरणं सांगतात, ती जुनी आहेत, नाविएनं १८२२ मध्ये आणि स्टोक्सनं १८४५ मध्ये मांडलेली, हातानं सुटत नाहीत म्हणून कंप्युटर लागतो. झाली हवा. मग त्या हवेत थेंब सोडायचे आणि एकेका थेंबामागे लागायचं : गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय, हवा आपल्याबरोबर ढकलतेय, आणि तेवढ्यात पाणी उडून थेंब लहान होत चाललाय. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या किंवा त्याहून छोट्या पावलांनी पुढे न्यायचं.

विश्वासाचं म्हणाल तर रंगावर अजिबात ठेवू नका. लाल रंग कितीला सुरू करायचा हे बनवणारा ठरवतो, थेंब डोळ्याला दिसावेत म्हणून खऱ्यापेक्षा शेकडो पट मोठे काढलेले असतात आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या स्केलवर लावला तर खोली स्वच्छ वाटेल. मी स्वतः आधी बघते की हवा आत कुठून येतेय आणि बाहेर कुठून जातेय ते सांगितलंय का, माणसाच्या अंगाची उष्णता धरलीय का, आणि हाच कोड कुठल्या तरी मोजलेल्या प्रयोगाशी ताडून बघितलाय का. यातलं काहीच सांगितलं नसेल तर तो व्हिडिओ छान आहे एवढंच म्हणता येईल.

प्रश्न : करोनाच्या काळात ६ फूट अंतर ठेवा म्हणायचे. थेंब खरंच ६ फुटांवर खाली पडतो का? मग हवेतून पसरतो हे कसं काय? मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलं विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.

मॅडम, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण खरी गंमत इथेच आहे, सगळं थेंबाच्या आकारावर आहे आणि आकार बदलत असतो.

मुलांना आधी हे आकडे द्या. स्थिर हवेत १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला पाव मीटर खाली येतो, म्हणजे दीड मीटरवरच्या तोंडातून निघाला तर साधारण ६ सेकंदांत जमिनीवर. १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला फक्त ३ मिलिमीटर, त्याला आठेक मिनिटं लागतील. १ मायक्रॉनचा कण बारा-चौदा तास. व्यास दहापट कमी झाला की पडायचा वेग शंभरपट कमी होतो, स्टोक्सनं १८५१ मध्ये दिलेला नियम, वर्गात फळ्यावर करून दाखवता येण्याइतका सोपा आहे. आता बंद खोलीतसुद्धा हवा सेकंदाला १०-२० सेंटिमीटरनं हलतच असते, मग ३ मिलिमीटरनं पडणाऱ्या थेंबाचं काय होणार ते मुलंच सांगतील.

दुसरी गोष्ट वाळण्याची. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये पडायचा वेळ आणि वाळायचा वेळ एकाच आलेखावर मांडले, आणि त्यांना दिसलं की साधारण १०० मायक्रॉनच्या वरचे थेंब वाळायच्या आधी जमिनीवर पोचतात, खालचे पोचायच्या आधी वाळून जातात आणि मागे क्षार, प्रथिनं आणि जंतू असतील तर जंतू यांचा सुका कण हवेत उरतो. अंतर ठेवा हा सल्ला मुळात मोठ्या थेंबांसाठी बरोबरच आहे. गडबड पुढे झाली, बऱ्याच पुस्तकांत १०० च्या जागी ५ मायक्रॉनची रेघ आली आणि ५ च्या वरचं सगळं लगेच खाली पडतं असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. वरचे आकडे बघा, ५ मायक्रॉनचा थेंब दीड मीटर पडायला अर्ध्या तासाहून जास्त घेतो. हे इतकं साधं गणित असून इतकी वर्षं फारसं कुणी रेटून विचारलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यावर हॉस्पिटलांचे नियम ठरत होते.

एक ५० मायक्रॉनचा थेंब जवळून बघू. निघाला तेव्हा त्याचा पडायचा वेग सेकंदाला साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तसाच राहिला असता तर २० सेकंदांत जमिनीवर. पण निम्म्या आर्द्रतेच्या साध्या खोलीत तो दोन-चार सेकंदांतच वाळतो, तोवर तीसेक सेंटिमीटरसुद्धा खाली आलेला नसतो. उरलेला कण समजा १५ मायक्रॉनचा, त्याचा वेग सेकंदाला ७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आता पडायला तीन मिनिटं. आणि या तीन मिनिटांत शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगावरून वर जाणारी गरम हवा, तिचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरपर्यंत असतो, त्याला सहज वर उचलून नेते. मग कसले ६ फूट.

आणि यातही वेल्सनी एकटा थेंब धरला होता. तोंडातून निघालेला ढग स्वतःच दमट असतो, आत थेंब लवकर वाळतच नाही. डेटलेफ लोहसे यांच्या गटानं २०२१ मध्ये हे पूर्ण बारकाव्यानं कंप्युटरवर काढलं, तर ५० टक्के आर्द्रतेला १० मायक्रॉनच्या थेंबाचं आयुष्य वेल्सच्या हिशोबापेक्षा ३० पटीहून जास्त निघालं आणि ९० टक्के आर्द्रतेला १५० पटीच्या आसपास. नुसत्या कागदावरच्या हिशोबानं हे कळलं नसतं, ढग आणि थेंब एकमेकांवर काय परिणाम करतात ते एकत्रच सोडवावं लागतं, म्हणून मला सीएफडी आवडतं.

उघड्यावर वारा असेल तर अजून वेगळं. डबूक आणि ड्रिकाकिस यांनी २०२० मध्ये दाखवलं की ताशी ४ ते १५ किलोमीटर वाऱ्यात लाळेचे थेंब ६ मीटरपर्यंत जाऊ शकतात, अर्थात जाता जाता ते विरळ आणि लहान होतात.

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला खोलीत खोकणाऱ्या माणसाचं सिम्युलेशन घेतलंय. ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर वापरलं, टर्ब्युलन्ससाठी के-एप्सिलॉन मॉडेल, ३ लाख सेल, स्टेडी-स्टेट म्हणजे वेळेबरोबर न बदलणारा फ्लो काढून त्यात १०,००० कण सोडले. निम्मे कण भिंतींनाच चिकटले. सर म्हणतात चुकलंय, पण काय चुकलंय ते सांगत नाहीत. लॅपटॉपवरच करायचंय. प्लीज मदत करा.

अरे, सरांचं बरोबर आहे पण तू फार लांब गेलेला नाहीस, घाबरू नकोस.

भिंतीचं आधी. के-एप्सिलॉन मॉडेल असं धरून चालतं की हवेची थरथर, म्हणजे टर्ब्युलन्स, तिन्ही दिशांना सारखीच आहे. खऱ्या भिंतीजवळ तसं नसतं, भिंतीच्या दिशेनं जाणारी थरथर तिथे जवळजवळ मरते, हवेला जायला जागाच नाही ना. तू कणांना रँडम वॉकनं, म्हणजे कुठल्याही दिशेला सोडतीसारखे, धक्के देत असणार आणि ते धक्के या सारख्या थरथरीवरून येतायत, म्हणून बारीक कण भिंतीवर आपटत राहतात. हा जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला दोष आहे. भिंतीजवळ धक्के कमी करणारी दुरुस्ती लाव, किंवा जमलं तर एलईएसकडे जा, त्यात मोठे भोवरे थेट सोडवले जातात आणि फक्त बारीक भोवऱ्यांसाठी मॉडेल लागतं. सगळंच थेट सोडवायचा, म्हणजे डीएनएसचा, विचारसुद्धा करू नकोस : ३ मीटरची खोली, सेकंदाला २० सेंटिमीटर हवा, रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह किती खळबळणार ते सांगणारा आकडा, ४०,००० येतो, त्याचा सव्वादोन घात घेतला की दोन हजार कोटींच्या वर सेल होतात.

दुसरं स्टेडी-स्टेट. खोकला ही अर्ध्या सेकंदाच्या आसपासची घटना, वेग एकदम चढतो आणि उतरतो, सेकंदाला १० मीटरच्या घरात जातो. तू गोठलेल्या हवेत कण सोडलेस म्हणजे खोकल्याचा ढगच तुझ्या सिम्युलेशनमध्ये नाही, आणि मागच्या प्रश्नात वाचलंस तर त्या ढगावरच सगळं आहे. वेळेबरोबर बदलणारा फ्लो घ्यावा लागेल. आता तोंडापाशी २ मिलिमीटरचे सेल आणि १० मीटरचा वेग म्हटलं की हवेनं एका टाइम-स्टेपमध्ये एका सेलपेक्षा जास्त उडी मारू नये या कुरांतच्या अटीनं स्टेप ०.०००२ सेकंदाची येते. तीच स्टेप ठेवून १० मिनिटं चालवलंस तर ३० लाख स्टेप, लॅपटॉप रडेल. म्हणून ॲडजस्टेबल टाइम-स्टेप चालू कर, खोकला संपला की स्टेप आपोआप मोठी होते. पहिले १० सेकंद बारीक मेशवर, म्हणजे सेलच्या जाळीवर, आणि पुढचं जाड मेशवर मॅप करून घेतलं तरी चालतं, फक्त रिपोर्टमध्ये लिही.

माणसाची उष्णता धरलीस का ते लिहिलं नाहीस. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, ती नसेल तर अंगावरून वर जाणारा प्रवाहच नाही आणि बारीक कणांचं उत्तर पूर्ण बदलतं. बॉयन्सी, म्हणजे गरम हवेचं वर जाणं, चालू असलेला सॉल्व्हर घे. बाष्पीभवन चालू कर पण पूर्ण वाळून गायब होऊ देऊ नकोस, न उडणाऱ्या भागाचा कण मागे उरला पाहिजे, नाहीतर तुझ्या खोलीतला सगळ्यात धोकादायक भागच डिलीट होतो आणि रिझल्ट फारच छान दिसतो, हे मी खूप रिपोर्टांत बघितलंय.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. पीटर नील्सन यांनी १९९० मध्ये दिलेली, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ॲनेक्स २० या प्रकल्पाची टेस्ट केस आहे, ९ मीटर लांब ३ मीटर उंच खोली, वरच्या कोपऱ्यात १६.८ सेंटिमीटरची फट, त्यातून सेकंदाला ०.४५५ मीटर हवा आत, समोरच्या भिंतीत खालून बाहेर, रेनॉल्ड्स नंबर ५०००. मोजलेला वेग उपलब्ध आहे. टू-डी आहे, लॅपटॉपवर आरामात होते. ती तुझ्या सेटिंगनं जुळव, मग तीन मेशवर तीच केस चालव, दर वेळी सेलची बाजू निदान १.३ पटीनं बारीक कर आणि उत्तर किती हलतं ते दाखव. व्हायव्हात परीक्षकानं विचारलं की कशावरून, तर हे एक पान पुढे करायचं. १०,००० कणांनी एकदाच सोडून काढलेला टक्का सांगू नकोस, वेगवेगळ्या सुरुवातीनं परत परत सोड आणि किती फरक पडतो तेही दे.

प्रश्न : छोटं क्लिनिक आहे, बाहेर पेशंट बसतात ती खोली ४ बाय ४ मीटर, स्प्लिट एसी आहे, टेबलावर प्लास्टिकचा पडदा लावलाय. सीएफडी करून घेतलं तर फायदा होईल का?

डॉक्टर, तुमच्या खोलीसाठी आधी सीएफडी नको, आधी ताजी हवा हवी. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत फेकतो, बाहेरची आणत नाही. २०२० च्या जानेवारीत ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटमध्ये असंच झालं, २४ तारखेला तीन शेजारशेजारच्या टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना, आधीच बाधित असलेला एक धरून, करोना झाला, त्याच मजल्यावरचे वेटर आणि बाकीचे ग्राहक सुटले. नंतर युगुओ ली यांच्या टीमनं तिथे मोजमाप आणि सीएफडी दोन्ही केलं, तर एसीच्या झोतानं त्या टेबलांभोवती हवेचं एक वेगळंच फिरतं वर्तुळ तयार केलेलं आणि माणशी ताजी हवा सेकंदाला जेमतेम १ लिटर किंवा त्याहून कमी. हे कोडं सीएफडीनं सुटलं खरं, पण एक्झॉस्ट चालू असता तर बहुधा ही वेळच आली नसती.

तुमचा हिशोब कागदावर होतो. उंची ३ मीटर धरली तर ४८ घनमीटर खोली. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर तासाला २८८ घनमीटर ताजी किंवा गाळलेली हवा लागेल, हेपा (बारीक कण गाळणारा फिल्टर) प्युरिफायरची स्वच्छ हवा यात मोजता येते. हवा नीट मिसळलेली धरली तर ६ बदलांना हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात, १२ ला २३ मिनिटं आणि २ ला सव्वादोन तासांहून जास्त. एक्झॉस्ट आणि हवा आत यायची जागा एकमेकांसमोर ठेवा, शेजारी ठेवलीत तर ताजी हवा आली तशी निघून जाते आणि पेशंट बसतात तो कोपरा तसाच राहतो. पडदा समोरून थेट येणाऱ्या मोठ्या थेंबांना अडवतो, बारीक कण त्याच्या वरून आणि बाजूनं येतात, आणि मोठा पडदा असेल तर त्याच्या मागे हवा साचूनही राहते. कार्बन डायऑक्साइड मीटर लावा, श्वासातला हा वायू साचतोय म्हणजे ताजी हवा कमी पडतेय, बाहेर ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास असतं, आत गर्दीच्या वेळी किती चढतं ते बघा. प्युरिफायरनं मात्र तो आकडा खाली येणार नाही, ते लक्षात ठेवा.

एवढं करूनही एखादा कोपरा कोंदट राहतोय असं वाटलं तर मग सीएफडी करून घ्या, कोपरा कुठला आणि का ते त्यात छान कळतं. पण पेशंटला लागण व्हायची शक्यता अमुक टक्के असं कुणी नुसत्या सीएफडीवरून सांगत असेल तर मानू नका, थेंब कुठे गेला हे त्यात येतं, त्यात जिवंत जंतू किती आणि किती लागतात हे येत नाही.

प्रश्न : मास्कच्या कडेनं हवा गळते ते सिम्युलेशनमध्ये दिसतं का?

दिसतं, आणि तीच त्यातली मुख्य गोष्ट. मास्कचं कापड सच्छिद्र भिंत म्हणून धरतात, आरपार जायला दाब लागतो, आणि नाकापाशी थोडी जरी फट असली तरी हवा सोपा रस्ता म्हणून तिथूनच जाते. कापड कितीही चांगलं असू दे, फट बंद नसेल तर उपयोग कमी.

प्रश्न : माझा या आजारपणाशी संबंध नाही, मी फवारणीचं काम करतो. औषध शेजारच्या पिकावर उडतं. हेच गणित तिथे चालेल का?

अगदी तेच चालतं, दादा. फवारणीच्या थेंबांचं, इंजिनातल्या डिझेलचं, दम्याच्या इनहेलरचं सगळं याच समीकरणांवर, फक्त हवं ते उलट असतं, इनहेलरला १ ते ५ मायक्रॉनचे कण हवेत म्हणजे फुप्फुसात खोल जातात, तुम्हाला मात्र बारीक कण नकोच आहेत. साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या खालचे थेंब वाऱ्यानं उडतात, वर आकडे दिलेत त्यावरून का ते कळेल. दाब वाढवला की नोझलमधून पाणी जोरात फुटतं आणि बारीक थेंबांचा वाटा वाढतो, म्हणून दाब कमी, नोझल जाड थेंबाचं आणि पिकाच्या जितकं जवळ धरता येईल तितकं धरा. कोरड्या गरम दुपारी थेंब पडता पडता वाळून लहान होतो आणि मग उडतो.

एक गोष्ट मात्र लोकांना उलटी वाटते. अगदी पहाटे किंवा सूर्य मावळताना हवा पूर्ण थांबलेली असते तेव्हा फवारावं असं बरेच जण सांगतात. त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असेल तर हवा वर-खाली मिसळतच नाही, बारीक थेंब तसेच तरंगत राहतात आणि जरा झुळूक आली की एकगठ्ठा लांब सरकतात. त्यापेक्षा हलका, एकाच दिशेनं वाहणारा वारा बरा, तो शेजारच्या पिकाकडून तुमच्याकडे येत असेल तेव्हा फवारा.